भिगवणच्या पाण्यावर

पुण्याहून सोलापूरकडे निघालें म्हणजे शंभर-एक किलोमीटरवर भिगवण लागतें. इंदापूर तालुक्यांतील हें गांव पूर्वीं बाजारासाठीं व आगगाडीच्या ठाण्यासाठीं ओळखलें जाई. आतां तें पांखरांसाठीं ओळखलें जातें. उन्हाळा जवळ येऊं लागला, उजनी धरणाचें पाणी उतरलें आणि कांठचा चिखल उघडा पडला कीं तेथें रोहित पक्ष्यांचे थवे येतात, व त्यांच्यामागोमाग शहरांतून छायाचित्रकारांचेही थवे येतात. आमचा एक पुतण्या या दुसऱ्या थव्यांतला. या माघांत तो निघाला तेव्हां आम्हीही त्याच्याबरोबर जाण्याची इच्छा दर्शविली. "काका, तुम्हांला पक्ष्यांचा नाद केव्हांपासून लागला?" असें त्यानें हंसत विचारलें. आम्हीं उत्तर दिलें नाहीं. आमच्या पिशवींत, पंचाच्या घडींत जपून ठेवलेला एक जुना फोटो होता, आणि आमचें काम त्या फोटोशीं होतें.

हा फोटो १९७१ सालचा आहे. भीमेच्या कांठीं पळसदेव येथें आमच्या आजोळीं मुंज होती. आम्ही सर्व मंडळी आगगाडीनें भिगवणास उतरलों व तेथून बैलगाडीनें गेलों. मुंजीच्या दिवशीं बाहेरगांवाहून एक छायाचित्रकार आला होता. त्यानें अंगणांत तिवई मांडली, काळ्या फडक्यांत डोकें घातलें, आणि सर्वांना श्वास रोखून धरावयास लावलें. मध्यभागीं बटु, त्याच्या दोहों अंगांस वडील मंडळी, मागें स्त्रिया, पुढें सतरंजीवर मुलें. आम्ही, वय वर्षें अकरा, पुढच्या रांगेंत उजवीकडून तिसरे. मागें भिंतीच्या वर पळसनाथाच्या देवळाचें शिखर दिसतें आहे. मामांनीं पुढें सवडीनें त्या फोटोच्या पाठीवर शाईनें प्रत्येकाचें नांव, नातें व वय लिहून ठेवलें. फोटोंत माणसें चोवीस आहेत आणि नांवें तेवीस. अगदीं डाव्या कडेला, अर्धा चौकटीबाहेर गेलेला, बैलाचा कासरा हातांत धरून उभा असलेला एक मनुष्य आहे. त्याच्यापुरतें मामांनीं लिहिलें आहे, ‘व गडी’.

मामा न्यायी गृहस्थ होते. कोणास कमी लेखावें असा त्यांचा हेतु नव्हता. तो त्या काळचा, आणि खरें सांगावयाचें तर आपल्या सर्वच घरांचा, रिवाज होता. पण त्याच माणसानें आम्हांस ठाण्यावरून गाडींत बसवून आणलें होतें. त्यानेंच आम्हांस खांद्यावर बसवून नदीच्या उतारापर्यंत नेलें आणि देवळांतली घंटा वाजवावयास उचलून धरलें होतें. आम्ही मुलें त्यास ‘गडीदादा’ म्हणत असूं. पुढें शिक्षकाच्या नोकरींत आम्हीं सकाळीं अकरा वाजतां हजेरी घेतांना हजारों नांवें पुकारलीं. या एका माणसाचें नांव मात्र आम्हीं कधीं विचारलें नाहीं. गेल्या दिवाळींत आल्बम चाळतांना आमच्या नातीनें त्याच्यावर बोट ठेवून विचारलें, "आबा, हे कोण?" मामा वारले, मामी वारल्या, ज्यांस विचारावें अशीं माणसें घरांत उरलीं नाहींत. तेव्हां गांवांतच जाऊन विचारावें असें मनानें घेतलें.

पण गांव आहे कोठें? तेंच तर पाण्याखालीं आहे. माढा तालुक्यांत उजनी येथें भीमा नदीवर धरण बांधण्यास १९६९ सालीं आरंभ झाला व १९८० सालीं तें काम पुरें झालें. या जलाशयास यशवंतसागर असें नांव असून त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्यांत ऊंस उभा राहिला, शहरांस पिण्याचें पाणी मिळालें. त्याचें मोल कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्याच पाण्यानें भीमाकांठची काळी जमीन, मळे, घाट, पार आणि गांवेंच्या गांवें पोटांत घेतलीं. जुनें पळसदेव त्यांपैकीं एक. माणसें उठून वरच्या अंगास वसलीं. पळसनाथाचें दगडी देऊळ तेथेंच राहिलें. दुष्काळाच्या वर्षीं पाणी फार खालीं गेलें म्हणजे तें वर येतें, आणि लोक माहेरच्या माणसाला भेटावें तसे त्याला भेटून येतात.

आम्ही पहाटेच्या अंधारांत भिगवणास पोंचलों. या भागांत आगगाडी फार लवकर आली. १८५८ सालींच पुण्याहून निघालेला लोहमार्ग जवळच्या डिकसळपर्यंत पोंचला होता. भिगवणच्या परिसरांत कागदाची एक मोठी गिरणी उभी आहे, आणि छायाचित्रें छापावयास लागतो तो मुलामा दिलेला गुळगुळीत कागद तेथें तयार होत आला आहे. पुतण्यानें ही माहिती दिली तेव्हां आम्हांस कौतुक वाटलें. चित्रांच्या पुस्तकांचा कागद ज्या गांवच्या शिवारांत होतो, त्या गांवच्या माणसांचीं चित्रें त्या कागदावर किती वेळां उमटलीं असतील, हा विचार मात्र त्याच वेळीं मनांत आला.

कुंभारगांवच्या कांठावर होड्या तयार होत्या. पूर्वीं रात्रीं जाळीं टाकून पहाटे चिलापी काढणारे भोई आतां हंगामांत पाहुण्यांनाही पाण्यावर नेतात. आमचा नावाडी चाळिशीच्या घरांतला, मितभाषी. उजाडूं लागलें तशी पांखरें दिसूं लागलीं. चित्रबलाक होते, राखी बगळे होते, पाण्याला चोंच लावून झेपावणारे सुरय होते. तांबूस रंगाची एक जोडी दिसली. नावाडी म्हणाला, "चक्रवाक." संस्कृत शिकवितांना ज्याच्या विरहाचे संकेत आम्हीं वर्षानुवर्षें मुलांस समजावून दिले, तो चक्रवाक आम्हीं पासष्टाव्या वर्षीं प्रथम पाहिला, आणि तो दाखविला एका नावाड्यानें! पुढें उथळ पाण्यांत रोहितांचा थवा मान खालीं घालून चरत होता. ते चोंच उलटी धरून चिखलांतलें पाणी गाळून घेतात, आणि त्यांतील शेवाळ व बारीक जीव खाऊनच त्यांस तो गुलाबी रंग चढतो, ही माहितीही आम्हांस नावाड्याकडूनच मिळाली. आजूबाजूस आणखी आठ-दहा होड्या होत्या व सर्व यंत्रांचीं तोंडें त्या एका थव्याकडे होतीं.

पुतण्यास त्या पक्ष्याचें मराठी, इंग्रजी व लॅटिन अशीं तिन्ही नांवें तोंडपाठ होतीं. आम्हीं हळूच विचारलें, "आणि आपल्या नावाड्याचें नांव काय?" तो ओशाळला. गेलीं चार वर्षें तो याच होडींत बसत होता. त्यानें तेव्हांच वळून विचारलें. नावाड्यानें नांव सांगितलें व पुढें म्हणाला, "वहीत लिवा. पर छापायचं आसंल तर आदी आमाला दावा. मागं एकानं माजा फटू काडला, पोरानं मोबाईलवर दावला. खाली लिवलं हुतं, गरीब कोळी. आमी भोई. आन् गरीब हाय का न्हाई, त्ये त्यानं कवा इचारलं?"

म्हणूनच येथें आम्हीं त्यांचें नांव लिहिलेलें नाहीं.

होडी कांठाला लागल्यावर बाभळीखालीं चहा घेत बसलों असतां पुतण्या म्हणाला, "काका, पक्षी पुष्कळ झाले. या लोकांचें एक पुस्तक करावें असें फार दिवस मनांत आहे. त्यांचें काम, घरें, जाळीं, बाजार, सगळें." आम्ही निवृत्त झाल्यापासून अशीं चित्रमय पुस्तकें ग्रंथालयांत बसून बरींच पाहिलीं आहेत, तेव्हां त्यास जें सांगितलें तें वाचकांसही सांगतों.

माणसांच्या जीवनाचीं छायाचित्रें काढून त्यांचें पुस्तक करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. विल्यम जॉन्सन या मुंबईंतील छायाचित्रकारानें १८६३ व १८६६ सालीं मुंबईंत राहणाऱ्या व येणाऱ्या जातिजमातींचें पुस्तक दोन भागांत काढलें. त्यांत नागर ब्राह्मण स्त्रियांचेंही चित्र आहे. तेव्हां असलीं पुस्तकें केवळ दुसऱ्यांचीं असतात असें कोणी समजूं नये. त्या पुस्तकांतील कित्येक चित्रांत माणसें एका ठिकाणीं टिपलेलीं असून त्यांच्यामागचें दृश्य दुसरीकडून आणून जोडलेलें आहे. म्हणजे माणूस खरा, जागा खरी, पण तो माणूस त्या जागीं उभा नव्हता! त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळांत सरकारी आश्रयानें ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ भागांचा ग्रंथ निघाला. त्यांत साडेचारशेंहून अधिक छायाचित्रें आहेत, आणि बहुतेकांखालीं जातीचें किंवा जमातीचें नांव आहे, माणसाचें क्वचित्. १८६९ सालीं सय्यद अहमद खान विलायतेस गेले असतां तो ग्रंथ त्यांच्या पाहण्यांत आला. त्यांचे चिरंजीव तो पाहत असतां एका तरुण इंग्रजानें त्यांस, आपण हिंदुस्थानी काय, असें विचारलें. होय म्हणतांना त्या मुलाचा चेहरा लाजेनें लाल झाला. आपल्या देशबांधवांचीं चित्रें पाहून अभिमानाऐवजीं लाज वाटावी, यांत त्या माणसांचा दोष नव्हता. ज्यानें तीं चित्रें मांडलीं त्याच्या दृष्टीचा तो दोष होता.

बरें, दृष्टि स्नेहाची असली म्हणजे सर्व साधलें असेंही नाहीं. १९३६ च्या उन्हाळ्यांत जेम्स एजी हा लेखक व वॉकर इव्हान्स हा छायाचित्रकार असे दोघे अमेरिकेंत अलाबामा प्रांतीं कापसाची बटाईनें शेती करणाऱ्या तीन कुटुंबांकडे गेले. त्यावरून १९४१ सालीं जें पुस्तक निघालें तें या प्रकारांत फार श्रेष्ठ मानितात. त्या लोकांची अब्रू राखावी म्हणून लेखकानें त्यांचीं नांवें बदललीं होतीं. पुढें सुमारें अर्ध्या शतकानें दुसऱ्या दोघां अमेरिकनांनीं त्या कुटुंबांच्या मुलांनातवंडांचा शोध घेऊन १९८९ सालीं नवें पुस्तक केलें. पहिल्या पुस्तकानें आमचें दारिद्र्य जगाला दाखविलें आणि आमच्या पदरांत कांहीं पडलें नाहीं, असा सल कित्येकांच्या मनांत तोंवर राहिला होता. छायाचित्रकारानें कष्ट केले होते, मन शुद्ध होतें. पण चित्रांतल्या माणसाचा विचार पुस्तक निघाल्यावरही करावयाचा असतो, हें त्यावरून ध्यानांत येतें.

आपल्या मराठी मुलखांतही हें काम झालेलें आहे. संदेश भंडारे यांचें ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हें पुस्तक सूनबाईंनीं प्रथम घरीं आणलें तेव्हां आम्हीं तें दोन दिवस उघडलें नाहीं. तमाशाचें नांव काढलें तरी आमच्या बालपणीं घरांत भिंवया चढत. तिसऱ्या दिवशीं उघडलें, आणि रात्रीं दिवा मालवावयाचें भान राहिलें नाहीं. फड म्हणजे केवळ रंगमंचावरचा नाच नव्हे, तो एक संसार आहे. त्यांत प्रवास आहे, श्रम आहेत, म्हातारपण आहे, हें आम्हांस त्या वेळीं कळलें. त्यांचेंच ‘वारी : एक आनंदयात्रा’ आमच्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं देवाच्या पोथीसारखें मांडीवर घेऊन पाहिलें. तुकोबांची पालखी याच इंदापूर तालुक्यांतून जाते. बेलवाडीचें रिंगण येथून फार लांब नाहीं. उद्धव ठाकरे यांनीं २०११ सालीं ‘पहावा विठ्ठल’ या पुस्तकांत तीच वारी आकाशांतून टिपली. तेथून ती नदीसारखी दिसते व त्या दर्शनानेंही मन भरून येतें. पण इतक्या उंचीवरून कोणाचें तोंड दिसत नाहीं. तोंड पाहावयाचें तर खालीं उतरून बरोबर चालावें लागतें. सुधारक ओलवे यांनीं तर मुंबई महानगरपालिकेचे सफाई कामगार जेथें उतरतात तेथवर जाऊन त्यांच्या कामाचीं व घरांचीं चित्रें घेतलीं, आणि तीं ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’ या पुस्तकांत आलीं. २०१६ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आपल्या घरांतला केर दाराबाहेर गेला म्हणजे आपण निश्चिंत होतों. तो पुढें कोण व कसा उचलतो, हें पाहतांना आमचे डोळे खालीं गेले.

"मग मीं काय करावें?" पुतण्यानें विचारलें. आम्हीं म्हटलें, "वेदान्तांत नाम आणि रूप असें जोडीनें म्हणतात. तुझें यंत्र रूप देईल. नाम तुला तोंडानें विचारावें लागेल. आणि छापण्यापूर्वीं पुन्हां एकदां विचारावें लागेल."

त्यानंतर आम्हीं पिशवींतला फोटो काढून नावाड्यास दाखविला, व जुन्या पळसदेवचें कोणी माहीत आहे काय असें विचारलें. तो म्हणाला, "आमच्या आईचं म्हायेर त्येच की."

घर जवळच होतें. पडवींत म्हातारी बाई जाळ्याची फाटकी कड हातांत घेऊन बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढचें. आम्हीं नमस्कार करून म्हटलें, "मावशी, आमचें आजोळ तुमच्याच गांवचें." त्यांनीं फोटो उजेडाला धरला. आम्ही त्यांस बटु दाखवूं लागलों, मामा दाखवूं लागलों. त्यांचें तिकडे लक्षच नव्हतें. त्यांचें बोट भिंतीच्या वर जाऊन थांबलें होतें. "ह्ये आमचं देऊळ," त्या म्हणाल्या. मग बोट सरकत गेलें. "ह्यो चिंचंचा शेंडा. ह्येच्या पल्याड आमचा मळा." पुष्कळ वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग मुलाला म्हणाल्या, "आरं, आमच्या गावाचा फटू हाय ह्यो." त्यांच्या घरांत जुन्या गांवाचें एकही चित्र नव्हतें. गांव सोडतांना दारें-खिडक्या काढून नेलीं, आढे नेले, देव नेले. चित्र काढून ठेवावें हें कोणाच्या मनांतही आलें नाहीं, आणि मनांत आलें असतें तरी छायाचित्रकारास द्यावयास पैसे कोणाजवळ होते?

आम्ही ज्यास मुंजीचा फोटो म्हणत होतों, तो त्यांच्या दृष्टीनें गांवाचा फोटो होता. चौपन्न-पंचावन्न वर्षें आम्हीं त्या शिखराकडे लक्ष देऊन पाहिलेंही नव्हतें.

अखेर आम्हीं कासरा धरलेल्या माणसावर बोट ठेवलें. म्हातारीनें डोळे बारीक करून एक नांव घेतलें. मग मान हलवून तें मागें घेतलें व दुसरें सांगितलें. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आले, त्यांनीं तिसरेंच सांगितलें. फोटोंत तोंड अर्धेंच आलें आहे. त्यांचा काय दोष? आम्हीं तिन्ही नांवें ऐकून घेतलीं आणि एकही लिहिलें नाहीं. चुकीचें नांव लिहिणें हें नांव न लिहिण्याहून वाईट. उठतांना म्हातारी आम्हांस म्हणाल्या, "गुर्जी, त्ये जितं हुतं तवाच इचारायचं." त्यांच्या बोलण्यांत रोष नव्हता. पण शाळेंत इतकीं वर्षें दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्या, त्या सर्वांची भरपाई त्या एका वाक्यानें झाली.

पुतण्यानें फोटोचा फोटो घेतला व दुपारीं भिगवणच्या पेठेंतून त्याची मोठी प्रत करून आणली. ती आम्हीं परत जाऊन म्हातारीच्या हातीं दिली. त्यांनीं ती प्रथम देव्हाऱ्यापुढें ठेवली. पाठीवर काय लिहूं, असें मुलानें विचारलें तेव्हां म्हणाल्या, "पळसदेव लिव. बास."

त्या दिवशीं पाणी भरपूर असल्यामुळें देऊळ कांहीं दिसलें नाहीं. ज्या दिशेला तें आहे असें सांगितलें, त्या दिशेला आम्हीं हात जोडले व संध्याकाळच्या गाडीनें परतलों.

घरीं येऊन मूळ फोटोच्या पाठीवर, मामांच्या अक्षरांतील ‘व गडी’ या शब्दांखालीं, आम्हीं आपल्या हातानें एक ओळ लिहिली आहे: ‘यांनीं आम्हांस खांद्यावरून देवळांत नेलें. यांचें नांव विचारावयाचें आमच्याकडून राहिलें.’ मामांचे शब्द खोडले नाहींत. नातीला तें दाखविलें. ती म्हणाली, "मग आपल्याकडे कामाला येतात त्यांचा फोटो आहे का?" नव्हता.

वाचकांस एवढीच विनंति आहे कीं आपल्या घरचे आल्बम एकदां फडताळांतून काढावेत. कडेला, दारांत, मागच्या अंगाला कोण उभें आहे तें पाहावें, आणि सांगणारीं माणसें आहेत तोंवर त्यांची नांवें लिहून ठेवावींत. फोटोच्या मागच्या भिंतीही पाहाव्यात. कदाचित् कोणाचें गांव त्यांत असेल.

पुतण्याचें पुस्तक अद्याप झालेलें नाहीं. तूर्त एक वही झाली आहे. तींत कुंभारगांवच्या अकरा जणांचीं नांवें त्यांनीं सांगितलीं तशीं लिहिलेलीं आहेत, आणि प्रत्येकापुढें, छापण्यास संमति आहे कीं नाहीं, हेंही लिहिलेलें आहे. चैत्रांत तो पुन्हां जाणार आहे. या खेपेस काढलेल्या चित्रांच्या प्रती ज्यांच्या त्यांना द्यावयाच्या आहेत. आम्हीही बरोबर जाणार आहों.